शहाण्णवचे बारा

मी फक्त एक तास वाचवायला निघालो होतो. तोही माझा नव्हे, बायकोचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझा हेतू कुणी विचारातच घेतला नाही. आमच्या घरात हेतूला मार्क नाहीत. उत्तर चुकलं की भोपळा. (मी स्वतः कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि उत्तर चुकलं तरी पद्धतीचे अर्धे मार्क देतो. ही उदारता आजवर मला कुणी दाखवलेली नाही.)

तर राग. सगळ्याची सुरुवात रागापासून झाली. पहिला राग मेव्हण्याचा.

माझे सासरे घड्याळजी होते. ते गेले त्याला वर्ष होऊन गेलं. सासूबाई त्या घरात एकट्याच राहत होत्या. एक दिवस बायकोला मेव्हण्याचा फोन आला, की आईने आता माझ्याकडे राहायला यायचं, मी पुढच्या महिन्यात न्यायला येतो. इथवर ठीक. पुढे म्हणाला, "आणि तिला दोनच बॅगा आणायला सांग हं. आमच्याकडे जागा नाही."

दोन बॅगा! बेचाळीस वर्षांचा संसार, आणि दोन बॅगा! माझं रक्त उसळलं. मी फोन हिसकावून त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण बायकोने फोन दुसऱ्या कानाला लावला. तो कान भिंतीच्या बाजूला होता.

बायकोने सासूबाईंना निरोप दिला. त्यांनी कपाट उपसलं आणि सासऱ्यांचे अकरा शर्ट देऊन टाकायला बाजूला काढले. बायकोने ते परस्पर उचलून आमच्याकडे आणले. म्हणाली, "याची गोधडी शिवते. आई निघेल तेव्हा देईन. गोधडी सामानात धरत नाहीत, अंथरुणात धरतात. दादाला बोलताच येणार नाही."

मला बायकोचा असा अभिमान वाटला की मी त्या दिवशी सगळी भांडी घासली. (तिच्या मते मी भांडी घासत नाही, ओली करतो.)

गोधडीचा नमुना भिंगरीचा होता. आठ इंचांचा एक चौकोन. त्यात चार छोटे चौकोन. प्रत्येक छोटा चौकोन दोन त्रिकोण जोडून केलेला, एक शर्टाचा, एक पांढऱ्या कापडाचा. चार चौकोन फिरवून लावले की भिंगरी दिसते, फुंकर मारली तर फिरेल अशी. संसार बेचाळीस वर्षांचा म्हणून भिंगऱ्याही बेचाळीस.

आणि ही बाई ते कसं करायची? सासऱ्यांच्या एका घड्याळाच्या खोक्याचा पुठ्ठा तिने त्रिकोणी कापला होता. तो शर्टावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कात्रीने कापायचं. मग दुसरा. मग तिसरा. मग दोन त्रिकोण जोडायचे, दोरा तोडायचा, नखाने शिवण दाबायची, इस्त्री फिरवायची. रोज रक्त तपासायच्या लॅबमधून सहाला यायची, घरचं आवरायची आणि मग मशीनपाशी बसायची. दिवस चांगले गेले तर तीन दिवसांत दोन भिंगऱ्या. महिना उलटत आला तेव्हा अठरा झाल्या होत्या. उरल्या चोवीस. दिवस उरले नऊ.

मला दुसरा राग आला. हा राग व्यवस्थेचा होता. बायकांचा वेळ कुणी मोजत नाही, म्हणून बायकासुद्धा तो मोजत नाहीत. मी यावर दोन वर्षांपूर्वी एक लेखही लिहिला होता. (छापून आला नाही. संपादकाला वेळ नव्हता.)

"तू एका भिंगरीला किती वेळा कात्री उचलतेस, ठाऊक आहे?" मी विचारलं.

"नाही. मी शिवत असते."

"एक्केचाळीस वेळा!"

"तू मोजत बसला होतास?"

"हो!"

"त्यापेक्षा इस्त्री तापवली असतीस."

"अगं, चोवीस भिंगऱ्या म्हणजे शहाण्णव छोटे चौकोन! शहाण्णव वेळा तेच तेच! हे गुलामीचं काम आहे. यंत्रयुग येऊन किती वर्षं झाली!"

"मग यंत्रावरून तुझा पाय काढ. पायडल दाबलं जातंय."

शनिवार-रविवार ती आईकडे आवराआवर करायला निघाली. जाताना दारात चपला घालत म्हणाली, "शिवणाला हात लावू नकोस. अगदीच राहवलं नाही तर पांढऱ्या कापडाला इस्त्री करून ठेव. माझा एक तास वाचेल."

हाच तो एक तास. मी ठरवलं, वाचवायचा.

इस्त्री वीस मिनिटांत झाली. आता चाळीस मिनिटं हातात होती आणि रिकामे हात मला सहन होत नाहीत. मी फोन उघडला आणि 'गोधडी, वेळ वाचवा' असं शोधलं. एक हसऱ्या चेहऱ्याच्या बाई प्रकट झाल्या. "मैत्रिणींनो," त्या म्हणाल्या, "एकेक त्रिकोण कापत बसायचे दिवस गेले!"

मी खुर्चीतून उठलोच. इतक्या वर्षांत प्रथमच मला कुणीतरी समविचारी भेटलं होतं.

पण बाई बोलायच्या फार सावकाश. मध्येच आपल्या मांजरीची ओळख करून द्यायच्या. वेळ वाचवायचा व्हिडिओ आणि पंचवीस मिनिटांचा! मी तो दुप्पट वेगाने लावला. मांजर आली की पुढे ढकलला. बाई चिमणीसारख्या चिवचिवत होत्या, पण तत्त्व समजलं आणि तत्त्व अफाट होतं. एक मोठा शर्टाचा चौकोन, एक मोठा पांढरा चौकोन. एकमेकांवर ठेवायचे. पेन्सिलने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायची. फुलीच्या दोन्ही रेघांच्या दोन्ही बाजूंनी शिवायचं. मग उभं, आडवं आणि रेघांवरून कापायचं. उघडून बघायचं तर आठ! आठ छोटे चौकोन, जोडलेले, तयार! एका दमात आठ!

मी कागदावर भागाकार केला. शहाण्णव भागिले आठ. बारा.

शहाण्णवचे बारा! मला रडू येईल असं वाटलं. पाठोपाठ संतापही आला, की ही विद्या असताना माझी बायको महिनाभर नखाने शिवणी दाबत बसली होती.

आता मोठ्या चौकोनाचं माप. बायकोचा पुठ्ठा टेबलावर होता. त्यावर तिच्या अक्षरात '४' असं लिहिलं होतं. मी शहानिशा म्हणून पट्टी लावली, तर त्रिकोणाची बाजू भरली जवळजवळ पाच इंच! लिहिलंय चार आणि आहे पाच! म्हणजे महिनाभर चुकीच्या पुठ्ठ्याने काम चाललं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बिचारी. दमून यायची, होतं असं. मी मोठ्या मनाने तिला माफ केलं, पुठ्ठा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि शुद्ध गणित केलं. चार दुणे आठ. आठ इंचांचा चौकोन.

कापायला मी शिलाईच्या दुकानातून गोल पात्याचं कटर आणलं. चाकासारखं फिरतं. कापडाचे आठ थर एकावर एक ठेवायचे आणि फिरवायचं, सपकन आठही कापले जातात. (नववा थर टेबलक्लॉथचा होता, हे मला मागून कळलं.) बायकोने चार शर्ट संपवले होते, सात उरले होते. पाठीतून आणि पुढच्या भागातून बारा चौकोन बघता बघता निघाले.

उरल्या बाह्या. बाहीतून आठ इंचांचा धड चौकोन निघत नाही. शिवाय प्रत्येक शर्टाच्या उजव्या बाहीवर, मनगटापाशी, तेलाचे बारीक बारीक डाग. मी कपाळाला हात लावला. एवढ्या मायेने द्यायची वस्तू आणि त्यात डागाळलेलं कापड? मी चौदाच्या चौदा बाह्या गुंडाळल्या. फेकून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून खाली कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला नेऊन दिल्या. तो एका गाडीखालून फक्त हात बाहेर काढून बोलत असे.

"सर, असं सुती कापड हल्ली मिळत नाही हो," त्याचा हात म्हणाला. "तेल काय ओढतं!"

"वस्तू वाया जाता कामा नये," मी म्हणालो.

"देव भलं करो तुमचं."

इतकं कौतुक मला कॉलेजात कधी मिळालं नव्हतं.

मग मशीन. व्हिडिओतल्या बाईंचा आणखी एक मंत्र होता, मध्ये दोरा तोडायचाच नाही. एक तुकडा सुईखालून गेला की लगेच दुसरा, त्यामागे तिसरा. मी तसंच सुरू केलं. तुकड्यांची माळ मशीनच्या मागून बाहेर पडू लागली, टेबलावरून खाली, खुर्चीखालून, खिडकीकडे. मला वाटलं, हीच ती उत्पादकता! सहावा चौकोन जरा जड लागला, म्हणून पायडल जोरात दाबलं. जड लागला कारण त्याच्यासोबत पडदा शिवला जात होता. तो उसवायला पाऊण तास गेला. पण पाऊण तास वजा करूनही मी प्रचंड फायद्यात होतो.

रविवारी संध्याकाळी पाचला चोवीस भिंगऱ्या तयार होत्या. मी घरात दोरी बांधली आणि चिमटे लावून त्या ओळीने टांगल्या. काहींची टोकं मधोमध नीट जुळत नव्हती. पण लांबून बघितलं तर कळत नव्हतं. मी लांब उभा राहिलो.

बायको सात वाजता आली. दमलेली होती. केसांत जळमटं होती. दारातच थांबली.

"हे काय?"

"मोज."

ओठ हलवत तिने मोजल्या. "चोवीस?"

"चोवीस."

"सगळ्या?"

"सगळ्या! दोन दिवसांत!"

ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. डोळे भरून आले होते. "मला वाटलं होतं नाही होणार," ती म्हणाली. "आज आईकडे सारखं मनात येत होतं, नाहीच होणार."

त्या क्षणी मी जगातला सर्वांत सुखी नवरा होतो. क्षण सुमारे दीड मिनिट टिकला.

मग तिने दोरीवरून एक भिंगरी काढली आणि स्वतःच्या अठरांपैकी एकीवर ठेवली. माझी भिंगरी तिच्या भिंगरीवर अशी बसली जशी ताटात वाटी बसते.

"ही लहान आहे."

"आटली असेल."

"इस्त्रीने?" तिने पट्टी लावली. "पावणेदोन इंच कमी आहे. मोठा चौकोन किती कापलास?"

"आठ. तुझ्या पुठ्ठ्यावर चार लिहिलं होतं. चार दुणे आठ."

"आणि माया?"

मी गप्प. एक तर शब्द माहीत नव्हता आणि दुसरं म्हणजे तिचा आवाज.

"शिवणीत जाणारं कापड! प्रत्येक तुकड्याला कडेने जास्तीचं सोडावं लागतं, त्याला माया म्हणतात! पुठ्ठ्यावर चार लिहिलंय ते शिवून झाल्यावरचं माप. म्हणून पुठ्ठा पाचाला आलेला!"

"ते मला वाटलं, तुझं चुकलं."

"पुठ्ठा कुठाय?"

"मी तुला माफ केलं होतं," मी म्हणालो. (हे वाक्य मी का उच्चारलं, याचा मी अजून अभ्यास करतो आहे.)

"पुठ्ठा. कुठाय."

तिने तो कचऱ्याच्या डब्यातून काढला, पुसला आणि छातीशी धरला. मी घाईघाईने व्हिडिओ लावला. दोष निदान त्या बाईंवर तरी जावा. बायकोने फोन घेऊन वेग साधा केला. बाई शांतपणे मांजरीला कुरवाळत म्हणाल्या, "आणि मैत्रिणींनो, हिच्या शेपटीसारखी मागे उरणारी मायाही विसरायची नाही हं. मोठा चौकोन पावणेदहा इंचांचा कापायचा. घाई करणारे हमखास इथेच चुकतात."

मांजरीवर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

"ठीक आहे," बायको म्हणाली. तिने एक खोल श्वास घेतला. "शर्टांच्या बाह्या आहेत ना? बाह्यांतून काहीतरी करता येईल."

मी पडद्याकडे पाहिलं.

"बाह्या कुठायत?"

"त्यांवर डाग होते."

"बाह्या कुठायत?"

"गॅरेजमध्ये. वाया जाऊ नयेत म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टेबलावरचा टेबलक्लॉथ घडी घालू लागली. घडी अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा. मग तिला त्यात पडलेली चीर दिसली. तिने तीही घडीत नीट बसवली.

"माझ्या अठरा भिंगऱ्या बघ," ती म्हणाली. "प्रत्येकीत एक डाग आहे. दिसला नाही तुला?"

"दिसला. मला वाटलं चुकून आलाय."

"अठरा वेळा चुकून?"

संख्याशास्त्रसुद्धा तिच्या बाजूने होतं.

"बाबा घड्याळात तेल सोडायचे ना, सुईच्या टोकाने. मग ते टोक उजव्या बाहीला पुसायचे. समोर फडकं असलं तरी बाहीला. आई रोज धुताना भांडायची. रोज. 'बाही दुमडा, बाही दुमडा.' ते दुमडायचे नाहीत. बेचाळीस वर्षं दोघं दुसऱ्या कशावर फारसं बोलले असतील असं मला वाटत नाही. आई त्यांच्याशी बोलायची ती याच डागांवरून." तिने घडी बाजूला ठेवली. "मी डाग शिवत होते रे."

तेव्हा मला तिसरा राग आला. हा कुणावर होता ते सांगायची गरज नाही.

सोमवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी दारात उभा होतो.

"बाह्या परत हव्यात."

"सर, दिलेलं दान परत मागतात का?"

"दान नव्हतं ते! चूक होती!"

"दान चूकच असते म्हणा," तो म्हणाला आणि मला आत घेऊन गेला. डाव्या बाह्यांशी मला देणंघेणं नव्हतं. सात उजव्या बाह्यांपैकी दोन संपल्या होत्या. संपल्या म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. एक कुठल्याशा ट्रकसोबत परगावी गेली होती. तीन एका डब्यात सापडल्या, कोपरापर्यंत काळ्या. आणि शेवटची एका जुन्या गाडीखाली गळक्या नळीला बांधलेली होती.

"ती सोडली तर तेल गळेल," गॅरेजवाल्याने बजावलं.

"गळू दे!"

"तुमच्यावर गळेल."

मी उताणा पडून गाडीखाली सरपटलो आणि सासऱ्यांच्या बाहीची गाठ सोडवली. तेल गळलं. माझ्यावर गळलं. कपाळाच्या बरोबर मधोमध, थेंब थेंब. वर तो विचारत होता, "सर, एवढं काय आहे त्या बाहीत?"

"डाग!" मी खालून ओरडलो.

"मग हवे तेवढे देतो की," तो म्हणाला. "आमच्याकडे ताजे आहेत."

त्या चार बाह्या मी तीन वेळा गरम पाण्यात भिजवल्या, तीन वेळा चोळल्या. कापड शेवटी राखाडी झालं. डाग सगळे राहिले. पण कोणते घड्याळाचे आणि कोणते गाडीचे, हे ओळखायला माझा अर्थशास्त्राचा अभ्यास अपुरा पडला.

बायकोने संध्याकाळी तोडगा काढला. माझ्या भिंगऱ्यांची टोकं मधोमध जुळत नव्हती, तिथे बाहीचा डाग असलेला एकेक लहान चौकोन वरून शिवायचा. डागही येईल आणि टोकंही झाकली जातील. आणि पावणेदोन इंचांची तूट भरायला प्रत्येक भिंगरीला चारी बाजूंनी पट्टी लावायची.

"पांढरं कापड तर संपलं," मी म्हणालो. "पट्ट्या कशाच्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, थोडं खाली.

"शर्ट काढ."

"कुठला?"

"अंगातला."

तो माझा लाल शर्ट होता. जाड, सुती, चांगला. कॉलेजातल्या प्रत्येक सभेला, प्रत्येक मोर्चाला मी तोच घालत असे. प्राचार्यांच्या तोंडावर 'हे चालणार नाही' असं जेव्हा मी म्हणालो (मनातल्या मनात, पण स्पष्ट), तेव्हाही अंगात हाच होता. मी बोलायला तोंड उघडलं, तिच्या हातातली कात्री पाहिली आणि बटणं काढू लागलो.

"चोवीस भिंगऱ्या," ती म्हणाली. "एकीला चार पट्ट्या. तू कापणार, तू शिवणार. माझी सुट्टी मंजूर झालेली नाही आणि तुझं कॉलेज आठवडाभर बंद आहे."

मी मनात गुणाकार केला. मग पुन्हा केला, कारण पहिलं उत्तर मान्य नव्हतं. "शहाण्णव?"

"शहाण्णव."

"यात काही युक्ती नाही का? म्हणजे दोन-चार एकदम..."

"आहे युक्ती. न बोलता शिवायचं."

मंगळवार ते शनिवार. पट्टी आखायची, कात्रीने कापायची, शिवायची, दोरा तोडायचा, नखाने दाबायची, इस्त्री. एका भिंगरीला सुमारे दोन तास. मी हिशेब करायचं सोडून दिलं, कारण प्रत्येक हिशेबात मी स्वतःच गुन्हेगार निघत होतो. आणि सर्वांत संतापजनक काय, तर गुरुवारच्या आसपास मला ते आवडू लागलं. पट्टी सरळ बसली की बरं वाटायचं. मी मशीन थांबवून त्या पट्टीकडे बघत बसायचो. माझ्यासारख्या माणसाला शांत वाटावं, ही गोष्ट मला अजिबात सहन झाली नाही. बायको लॅबमधून आली की माझ्या पट्ट्या तपासायची. दहातल्या चार उसवायला लावायची. शनिवारी दोघांनी मिळून बेचाळीस भिंगऱ्या जोडल्या, अस्तर लावलं आणि कडा दुमडल्या. शेवटचा टाका तिने घातला. मला दोरा ओवायची परवानगी होती.

रविवारी सकाळी आम्ही सासूबाईंकडे पोचलो. दाराशी दोन बॅगा उभ्या होत्या. घर इतकं रिकामं होतं की चपलांचा आवाज घुमत होता. मेव्हणा घड्याळ बघत फेऱ्या मारत होता.

"हे काय आणखी?" आमच्या हातातलं गाठोडं पाहून तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, दोनच..."

"हे अंथरूण आहे," बायको म्हणाली.

तो खरंच काही बोलू शकला नाही. मला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात.

सासूबाई जमिनीवर बसल्या आणि गोधडी उलगडली. चष्मा लावला. पहिल्या ओळीवरून बोट फिरवत गेल्या, निळ्या रेघांचा शर्ट, तपकिरी चौकटी, आणि मध्येच बोट थांबलं. एका डागावर. मग पुढच्या भिंगरीत. मग तिच्या पुढच्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. आवाज चढला. "हे बघा यांचं! गेले तरी डाग आहेतच! मी किती वेळा सांगितलं, बाही दुमडा. समोर फडकं ठेवत होते मी, धुतलेलं, घडी केलेलं! त्याला हात लावला असेल तर शपथ! सोडा घातला, लिंबू चोळलं, माझी बोटं झिजली, निघाला का एक तरी? आणि तुम्ही वर विचारणार, कुठाय डाग, मला दिसत नाही! आता बघा ना! आता बघा कुठाय ते!"

मेव्हण्याचं घड्याळ बघणं थांबलं होतं. त्या भांडत राहिल्या, एकेका डागावर बोट ठेवून, एकेकाचा जाब विचारत, आणि चष्म्याखालून पाणी त्या निळ्या रेघांवर पडत होतं. बायको त्यांच्या शेजारी बसून नुसती 'हो ना', 'हो ना' म्हणत होती. अठराव्या भिंगरीपर्यंत येईतो त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांनी तळहात गोधडीवर ठेवला.

मग त्यांनी नाक पुसलं आणि बोट एकोणिसाव्या भिंगरीवर ठेवलं. माझ्या पहिल्या भिंगरीवर.

"हा डाग यांचा नव्हे."

मी मागे सरकलो.

"यांचा थेंब मोहरीएवढा असायचा. हा तर बशीएवढा आहे. हे कुणाचं काम?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझं," मी म्हणालो.

"जावईबापू, तुम्हीही घड्याळं दुरुस्त करता?"

"नाही, आई. मी वेळ वाचवत होतो."

"तरीच," त्या म्हणाल्या. बोट आणखी पुढे सरकलं. "आणि ही लाल किनार? यांच्याकडे लाल शर्ट कधीच नव्हता."

"तो ह्याचा," बायको म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा वर केला. आधी किनारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत, अगदी सावकाश.

"फार भडक आहे हो. मध्ये असता तर डोळ्यांत खुपला असता." त्यांनी गोधडी घडी केली आणि काखेत घेतली. ती कुणाच्याही हातात दिली नाही. "कडेला बरा आहे."

निघण्यापूर्वी मेव्हणा म्हणाला, एक फोटो काढू सगळ्यांचा. सगळे दारात गोळा झाले. मला कुणी काही सांगितलं नाही. मी आपणहून कडेला जाऊन उभा राहिलो.